एकशे नव्याण्णव आणि आवाजाचा वेग

ग्वाल्हेरचा महाराज बाडा म्हणजे आपला वाडाच, हिंदीच्या तोंडी गेलेला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागाचा हा गोल चौक. भारतानं मोठा सामना जिंकला की फटाके इथेच. पण गंमत जिंकल्यानंतरची नव्हे, त्याआधीच्या काही सेकंदांची आहे.

24 फेब्रुवारी 2010. याच शहरातल्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकर 199 वर नाबाद, आणि समोर धोनी. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात तोवर कुणीच द्विशतक केलं नव्हतं; विक्रम 194 चा होता. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर धोनीचा षटकार. दुसरा चेंडू सीमारेषेकडे निघाला, क्षेत्ररक्षक आमलानं तो अडवला, एकच धाव मिळाली. आपला चौकार अडला म्हणून आपलेच लोक खूश झाले, असा क्षण क्रिकेटमध्ये विरळाच! तिसऱ्या चेंडूवर सचिननं गोलंदाज लँगेवेल्टचा चेंडू पॉइंटकडे ढकलून एक धाव घेतली. 147 चेंडूंत 200.

सामना तर भारताच्या खिशात होता. धावसंख्या 3 बाद 401 कडे निघालेली असताना कसली धाकधूक? तरी देशभर टीव्हीपुढे तळहात ओले झाले. याचं एक उत्तर माकडांच्या मेंदूत सापडतं. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं, की खूण दिसल्यापासून फळांचा रस मिळेपर्यंतच्या वाट पाहण्यात डोपामिन स्रवणाऱ्या काही पेशींची हालचाल वाढत जाते, आणि रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा ती सर्वांत जास्त असते. रस नक्की मिळणार किंवा नक्कीच नाही, हे ठाऊक असलं तर ही चढण दिसत नाही. माकडावरून माणसाकडे उडी जपून मारावी; पण 199 वर धोनीनं स्ट्राइक स्वतःकडे ठेवली तेव्हाची घालमेल ज्यानं सोसली, त्याला हा आलेख ओळखीचा वाटेल.

मेंदू ताणला की अॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळू लागतं, यकृत साखर मोकळी करतं. धावायची सगळी तयारी, आणि माणूस सोफ्यावर! माँट्रियलमध्ये आइस हॉकी पाहणाऱ्या वीस जणांची नाडी मोजली, तेव्हा टीव्हीपुढे ती सुमारे 75 टक्के वाढली, मैदानात 110 टक्के. आकडा लहान गटाचा, पण खुर्चीतल्या माणसासाठी कमी नाही. हृदयविकार असलेल्यांनी तर हे हसण्यावारी नेऊ नये: 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी 2.66 पट झाल्याची नोंद आहे.

म्हणजे थरार ‘अजून कळलेलं नाही’ यात असतो, आणि तो टिकवणं तंत्रज्ञानाच्या हाती आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर. संकेतानं वर जाऊन खाली यायचं तर पाव सेकंद लागतो. मैदान ते वाहिनी आणि वाहिनी ते घरची डिशची छत्री अशा दोन फेऱ्या धरल्या तरी अर्धाच. खरा वेळ खातं ते चित्र दाबून बारीक करणं आणि पुन्हा उलगडणं. त्यात काही सेकंद सहज जातात. उलट आवाज साधा हवेतून येतो, किलोमीटरला जेमतेम तीन सेकंदांत. तेव्हा त्या संध्याकाळी मैदानाजवळच्या एखाद्या गच्चीवर, वारा तिकडचा असेल तर, जल्लोष आधी पोचावा आणि पडद्यावर लँगेवेल्ट अजून धावतच यावा, हे हिशेबात अगदी बसतं.

आता ही अडचण गावभर झाली आहे. मोबाइलवरचं प्रक्षेपण इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्यांत येतं, साठतं, मग दिसतं. छत्रीवाल्या टीव्हीच्या कित्येक सेकंद मागे. बाड्यावर फोनभोवती डोकी जमवून उभ्या पोरांच्या पडद्यावर गोलंदाज अजून रन-अपच्या टोकाशी चेंडू पँटवर घासतोय, आणि सराफा बाजाराच्या बाजूनं पहिली लड वाजते.