दोषसूचनेचा वाक्यसाचा आणि मराठी वाक्यरचना

संगणकाच्या आज्ञावलीत दोष उद्भवला म्हणजे ती जी सूचना देते, तिची दोन अंगे असतात : एक ठराविक वाक्यसाचा आणि दुसरे, त्या प्रसंगापुरती साच्यात बसणारी मूल्ये. ‘सी’ या भाषेत या दोहोंचा मेळ कसा घातला जातो आणि सूचना मराठीत लिहिताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

‘प्रिंटएफ’ या फंक्शनच्या साच्यात टक्काचिन्हापुढे ‘डी’ असल्यास पूर्णांक, ‘एस’ असल्यास अक्षरमालिका अपेक्षित असते. मूल्ये किती येतील हे आधी ठरलेले नसल्यामुळे अशा फंक्शनच्या घोषणेत शेवटी तीन टिंबे देतात. ही मूल्ये एकेक करून उचलण्याची साधने १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने निश्चित केली. परंतु मूल्याबरोबर त्याचा प्रकार कळविला जात नाही. साचा सांगेल तेच खरे मानले जाते. शाब्दबोधाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे आकांक्षा आहे, पण योग्यतेची परीक्षा नाही.

समजा, मालवणी बोलीची गाववार नोंदपत्रे तपासणारी एक आज्ञावली आहे. इंग्रजी सूचनेत ओळीचा क्रमांक आधी व फाइलीचे नाव नंतर येते. मराठीत ‘कुणकेश्वर या फाइलीत ओळ क्रमांक १२ सदोष आहे’ हा उलट क्रम स्वाभाविक होय. अनुवादकाने साच्यातील खुणांची अदलाबदल केली आणि मूल्यांचा क्रम मात्र पूर्ववत राहिला, तर १२ हा अंक स्मृतीतील पत्ता समजला जातो व आज्ञावली कोसळू शकते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यच अशा रीतीने अनर्थास कारण होते. ‘पॉसिक्स’ प्रमाणकानुसार टक्काचिन्हानंतर मूल्याचा अनुक्रमांक व डॉलरचे चिन्ह लिहिल्यास क्रम निर्धास्तपणे बदलता येतो.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. साच्यातील रिकाम्या जागेपुढे ‘त’ हा प्रत्यय जोडला तर ‘सावंतवाडीत’ शुद्ध ठरते. पण ‘वेंगुर्लेत’ व ‘कुणकेश्वरत’ ही रूपे अशुद्ध होत, कारण मराठीत ‘वेंगुर्ल्यात’, ‘कुणकेश्वरात’ असे म्हणतात. ‘येथे’ किंवा ‘या फाइलीत’ अशी योजना केल्यास नाम अविकृत राहते. लिंगाचेही तसेच : नोंद सापडली नाही, तक्ता सापडला नाही, पत्र सापडले नाही. ‘उपलब्ध नाही’ ही रचना एकवचनी तिन्ही लिंगांस चालते. ‘१२ व्या ओळीत’ या साच्यात १ घातल्यास ‘१ व्या’ असे होते. म्हणून ‘ओळ क्रमांक’ बरे.

सूचना पडद्यावर दाखवून नोंदवहीतही लिहावयाची असल्यास आणखी एक पथ्य आहे. मूल्यांची यादी एकदा वाचल्यावर तीच पुन्हा वापरणे सुरक्षित नसते. १९९९ च्या प्रमाणकातील ‘व्हीए-कॉपी’ने तिची प्रत आधीच घ्यावी. तसेच वापरणाऱ्याने दिलेला मजकूर साचा म्हणून कधीही देऊ नये. त्यात टक्काचिन्ह असल्यास ते आज्ञेसारखे वाचले जाते. तो मजकूर ‘एस’च्या खुणेत मूल्य म्हणूनच यावा.

सारांश, अनुवादकास साच्यातील खुणांचा प्रकार व क्रम ठाऊक असला पाहिजे, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यास मराठी नामाचे विकार. शब्दांचे तुकडे जोडून सूचना बनविण्याऐवजी प्रत्येक सूचनेचे संपूर्ण वाक्य अनुवादकाच्या हाती द्यावे, हे उभयतांस सोयीचे होय.