एकाच गाण्याच्या दोन तबकड्या

ब्लूज गायिका अल्बर्टा हंटरचं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ मी रात्री हेडफोन लावून ऐकते. पॅरामाउंट कंपनीची १९२२ची तबकडी. शब्द तिचे, चाल पियानोवादक लव्ही ऑस्टिनची. तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नसे; भोंग्यासमोर उभं राहून तीनेक मिनिटांत सगळं गायचं. खरखरीतून तिचा आवाज येतो, दूरचा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. पुढच्याच वर्षी गायिका बेसी स्मिथने हेच गाणं गायलं आणि ते अफाट खपलं. आजही अनेकांना ते बेसीचंच वाटतं, याची मला फार रुखरुख लागते.

आई गेल्यावर अल्बर्टाने गाणं सोडलं. वय बारा वर्षांनी कमी सांगून ती नर्स झाली आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वीस वर्षं राबली. १९७७मध्ये सत्तरीची समजून तिला निवृत्त केलं, तेव्हा ती ८२ वर्षांची होती! त्याच वर्षी ती पुन्हा मंचावर उभी राहिली.

पण माझा जीव अडकलाय तो १९६१च्या ध्वनिमुद्रणात. नर्सची नोकरी चालू असतानाच तिने ‘डाउनहार्टेड ब्लूज’ पुन्हा गायलं. आवाज जाडसर झालेला, सूर मात्र पक्का. आणि पियानोवर खुद्द लव्ही ऑस्टिन.