हिमनदीचे गोटे आणि बालाघाटची माती

नांगराच्या फाळास धोंडा लागला म्हणजे शेतकरी त्यास उचलून बांधावर टाकतो व तास पुढे नेतो. तो धोंडा तेथे कसा आला, याचा विचार करण्यास त्यास सवड नसते. तथापि धोंड्याचा आकार, त्याचे अंग आणि त्याच्या भोवतालची माती ही तिन्ही नीट पाहिली असता जमिनीची पूर्वपीठिका पुष्कळशी उलगडते. आणि ज्यास आपल्या जमिनीची पूर्वपीठिका कळली, तो विहिरीवर व बांधबंदिस्तीवर पैसा अधिक विचाराने खर्च करील. या हेतूने प्रस्तुत लेखात बर्फाने वाहून आणलेल्या गाळाची हकीकत दिली आहे. हा गाळ बीड जिल्ह्यात दिसत नाही. पण आपल्याच राज्यात, चंद्रपूरकडे, त्याची प्रसिद्ध साक्ष उघडी पडलेली आहे.

गाळ ओळखण्याची रीत

वाहते पाणी गाळ निवडून टाकते. ओढ जोराची असेल तेथे गोटे, मंद होईल तेथे वाळू आणि पाणी निवांत होईल तेथे पोयटा, हा क्रम सिंदफणेच्या वा गोदावरीच्या काठी राहणाऱ्यास सांगावयास नको. बर्फाची नदी मात्र अशी निवड करीत नाही. थिजलेला बर्फ स्वतःच्या भाराने उतारावरून अत्यंत मंद गतीने सरकतो, आणि तळाशी सापडलेले सर्व काही, मग तो हत्तीएवढा धोंडा असो की पिठासारखी धूळ असो, एकत्र ओढीत नेतो. बर्फ वितळला म्हणजे हा सारा माल एकाच ठिकाणी, न निवडलेल्या राशीसारखा पडतो. तेव्हा बारीक चिकण गाळात मोठमोठे परक्या जातीचे धोंडे रुतलेले आढळल्यास ती बर्फाची पहिली खूण समजावी.

दुसरी खूण दगडाच्या अंगावर असते. नदीतील गोटा गडगडत येतो, म्हणून तो सर्व बाजूंनी गोल होतो. बर्फात घट्ट धरलेला दगड गडगडत नाही. तो खालच्या कातळावर किसला जातो. त्यामुळे त्याची एकदोन अंगे सपाट होतात व त्यांवर समांतर ओरखडे उठतात. खालच्या कातळावरही तशाच चऱ्या पडतात.

तिसरी खूण दिशेची. चऱ्यांवरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला हे कळते. पण या टोकाकडून त्या टोकाकडे की उलट, हे केवळ चऱ्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी कातळाचे उंचवटे पाहावे लागतात. ज्या बाजूने बर्फ चढला ती बाजू घासून गुळगुळीत झालेली असते, आणि ज्या बाजूने तो उतरला तेथील दगड उपटले जाऊन ती खडबडीत राहते. शिवाय गाळातील धोंडा कोणत्या डोंगराचा हे ओळखता आले, तर बर्फाचा मार्ग पक्का होतो.

तालचेर व इरई

ओरिसातील तालचेर येथे १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड या भूगर्भशास्त्रज्ञांनी असा न निवडलेला गाळ पाहिला, आणि हे बर्फाचे काम असावे असे अनुमान काढले. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर बर्फ कसा असेल, ही शंका तेव्हा अनेकांस आली व ती स्वाभाविक होती. शंकेचे बरेचसे निरसन आपल्या विदर्भाने केले. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, पैनगंगा वर्धेस मिळते त्या टापूत, इरई गावाजवळ गोट्यांच्या थराखालील चुनखडक घासलेला, झिलई आलेला व समांतर चऱ्यांनी भरलेला फेडन यांस आढळला. त्यांचे टिपण १८७५ साली प्रसिद्ध झाले. वर न निवडलेला गाळ, त्यात ओरखडलेले धोंडे आणि खाली ओरखडलेला कातळ, अशी तिन्ही अंगे एकत्र जुळल्यावर बर्फाविषयी फारसा संशय उरला नाही.

हा गाळ सुमारे २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच काळच्या तशाच खुणा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथेही आढळल्या. काही ठिकाणी तर, आज जेथे समुद्र आहे त्या बाजूने बर्फ जमिनीवर चढून आला असे चऱ्या सांगतात! हे सर्व भूखंड पूर्वी एकमेकांस जोडलेले असून दक्षिण ध्रुवाच्या आसपास होते असे मानले, तरच याचा उलगडा होतो. वेगेनर यांनी १९१२ साली भूखंडे सरकतात असा सिद्धांत मांडला, त्यास या हिमगाळाचा मोठा आधार मिळाला. आणि पुढे इतर पुराव्यांनी तो सर्वमान्य झाला.

तालचेरच्या थरांत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांतील वालुकाश्मात फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे कण ताजे, न कुजलेले सापडतात. उष्ण व दमट हवेत हे खनिज कुजून त्याची चिकणमाती होते. ते कुजले नाही, याचा अर्थ तेव्हाची हवा अतिशय थंड होती. बर्फ दगडाचे पीठ करतो, पण त्यास कुजवीत नाही.

मग बीडच्या धोंड्यांचे काय?

बालाघाटावर विहीर खणताना वाटोळे धोंडे निघतात, व कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यांची साले सुटतात. हे गोटे बर्फाचेही नव्हेत आणि नदीचेही नव्हेत. काळ्या पत्थराच्या भेगांतून पाणी मुरते, कडा व कोपरे आधी कुजतात, मधला गाभा गोल राहतो आणि भोवती मुरूम होतो. तो धोंडा जागच्या जागीच घडलेला असतो.

आपला काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे हिमगाळाहून पुष्कळ अलीकडचा आहे. त्याच्या खाली काय आहे, याची साक्ष शेजारच्या लातूर जिल्ह्यातून मिळाली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यात आले. त्यात ३३८ मीटर काळा पत्थर, मग अवघे सुमारे ८ मीटर गाळाचे खडक आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट जातीचा कातळ लागला. चंद्रपूर-बल्लारपूरकडे असतात तसे कोळशाचे व वालुकाश्माचे जाड थर तेथे नव्हते.

यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. पहिली विहिरीची. चंद्रपूरकडे कामठी वालुकाश्म पाणी चांगले धरतो, पण त्याच टापूतील तालचेरचा चिकण गाळ फारसे पाणी देत नाही. म्हणजे पाणी खोलीवर नव्हे, तर खडकाच्या जातीवर अवलंबून असते. आपल्याकडे पाणी राहते ते मुख्यतः वरच्या कुजलेल्या पत्थरात, भेगांत व सच्छिद्र थरांत. अभंग पत्थर लागल्यावर आणखी खाली गेलो की हमखास मोठा साठा लागेल, या आशेवर कर्ज काढून बोअर पाडीत जाणे पुष्कळदा व्यर्थ ठरते. तोच पैसा ओढ्यानाल्यांचे पाणी अडवून मुरविण्याकडे लावावा.

दुसरी गोष्ट मातीची, व ती अधिक गंभीर आहे. उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागांत शेवटच्या हिमयुगाच्या बर्फाने सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीपर्यंत व त्यानंतरही काही काळ नवे दगडी पीठ पसरले. तेथील कित्येक जमिनींची मूळ पुंजी त्या बर्फाची आहे. आपणांस असा दाता लाभला नाही. पाटोदा-आष्टीच्या माळावरील माती जागच्याच पत्थरातून, मुरुमातून, अतिशय सावकाश तयार झाली आहे. नदीकाठच्या गावास वरच्या गावची माती मिळते. वरच्या गावास मात्र ती कोणीच आणून देत नाही. एका वळवाच्या पावसाने नेलेला थर पुन्हा बनण्यास अनेक पिढ्या लागतात.

यास्तव बालाघाटावरील खातेदारांनी समपातळीचे बांध, उतारास आडवी पेरणी, ताली व बांधावरील गवत ही केवळ सरकारी योजनेची कामे न समजता आपल्या मुदलाचे रक्षण समजावे. पैनगंगेकाठच्या कातळावरील ओरखडे तीस कोटी वर्षे टिकले, कारण त्यांवर लगेच गाळाचे पांघरूण पडले. उघडा पडलेला माळ एवढा काळ थांबणार नाही. त्यावरील पांघरूण राखणे आपल्याच हाती आहे.