फोन आपला, कुलूप कंपनीचे

एकाच मोबाइल कंपनीच्या सिमकार्डावर चालणारा फोन म्हणजे ‘लॉक्ड’ फोन. कोणत्याही कंपनीचे सिम स्वीकारतो तो ‘अनलॉक्ड’. पडद्यावरचा पिन किंवा बोटाचा ठसा यांच्याशी या कुलपाचा संबंध नाही. पिन मालक स्वतः ठेवतो आणि हवा तेव्हा बदलतो. नेटवर्कचे कुलूप मात्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून घातलेले असते आणि ते उघडण्याचा अधिकारही तिच्याकडेच राहतो. लॉक्ड फोन एरवी सर्व कामे करतो. वायफायवर इंटरनेट चालते, फोटो निघतात, ॲप उघडतात. दुसऱ्या कंपनीचे सिम घातले की मात्र ते चालणार नसल्याची सूचना पडद्यावर झळकते.

कुलूप चालते कसे?

प्रत्येक सिममध्ये ग्राहकाची ओळख पटवणारा, जास्तीत जास्त १५ आकड्यांचा एक क्रमांक साठवलेला असतो. त्याला आयएमएसआय म्हणतात. रोजच्या वापरातला १० आकडी मोबाइल नंबर तो हा नव्हे. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताला ४०४ आणि ४०५ हे आकडे मिळाले आहेत, तर अमेरिकेला ३१० ते ३१६. पुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनी सांगतात. फोन सुरू होताना सिममधले हे आकडे वाचतो आणि परवानगी असलेल्या आकड्यांशी ताडून पाहतो. जुळले तर नेटवर्क मिळते, नाही तर अडते. फोनमध्येच बसवलेल्या ई-सिमच्या बाबतीतही हाच प्रकार होतो. म्हणजे कुलूप सॉफ्टवेअरमध्ये असते. एकाच मॉडेलचे लॉक्ड आणि अनलॉक्ड फोन उघडून पाहिले, तर आतले भाग सारखेच सापडतील.

कंपन्या फोन का बांधून ठेवतात?

कारण पैशाचे आहे. महागडा फोन कंपनी सुरुवातीला स्वस्तात देते आणि उरलेली किंमत पुढच्या दोन-तीन वर्षांच्या मासिक बिलातून वसूल करते. ग्राहक मधेच दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तिचे पैसे अडकतात. म्हणून थकलेल्या रकमेचे तारण म्हणून फोनच बांधून ठेवला जातो.

अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुजली. २००८ साली आयफोन ३जी तिथे एटी अँड टी कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरपासून मिळत होता. त्या वेळच्या दराने ही रक्कम ९,००० रुपयांच्याही खाली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांनी तो भारतात आणला, तेव्हा किंमत होती ३१,००० रुपये. भारतीय ग्राहकाला सवलत मिळाली नाही, फोन मात्र तरीही त्या-त्या कंपनीला बांधलेलाच होता. तो फारसा खपला नाही, यात नवल नाही.

भारतात कुलूप का टिकले नाही?

भारतातला बहुसंख्य ग्राहक प्रीपेडवाला. तो फोन दुकानातून रोख घेतो, सिम वेगळे घेतो आणि रिचार्ज संपला की स्वस्त योजना शोधतो. दोन वर्षांचा करार त्याच्या हिशेबात बसत नाही. पुढे दोन सिमचे फोन आले. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. त्यामुळे भारतीय दुकानातला फोन अनलॉक्डच असतो, असे सर्वसाधारणपणे धरून चालता येते.

अपवाद मात्र आहेत. २००३ साली रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून घेऊन फोन दिले. ते सीडीएमए तंत्राचे होते. नंबर हँडसेटमध्येच भरलेला असे, त्यामुळे सिम बदलण्याचा प्रश्नच नव्हता. २०१७ साली आलेला जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर मिळे आणि तो फक्त जिओच्या सिमवर चाले.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत हा वाद थेट संसदेपर्यंत गेला. १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे गुन्हा ठरत होते. २००६ पासून फोन अनलॉक करण्याला त्यातून सूट मिळाली, पण जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या नव्या फोनसाठी ती काढून घेण्यात आली. त्याविरुद्ध एक लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे केलेल्या अर्जावर सह्या केल्या. अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ग्राहकाला हा हक्क परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. फोनचे हप्ते आणि करारातल्या अटी मात्र त्यामुळे रद्द होत नाहीत.

इतर काही देशांनी कुलूपच बंद केले. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक्ड विकणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर २०२१ पासून लॉक्ड फोन विकण्यास मोबाइल कंपन्यांना बंदी आहे. अमेरिकेत मात्र लॉक्ड फोन अजूनही विकले जातात.

अमेरिकेतून आलेला फोन

महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांचा या विषयाशी संबंध येतो तो इथेच. मुलगा किंवा मावशी तिकडून फोन घेऊन येते आणि इथले सिम चालत नाही. असा फोन अनलॉक करण्याचा सरळ मार्ग एकच आहे: ज्या कंपनीकडून घेतला तिच्याकडे अर्ज करणे. फोनची पूर्ण किंमत चुकती झालेली असणे आणि तो ठरावीक दिवस त्या नेटवर्कवर वापरलेला असणे, अशा तिच्या अटी असतात. आयफोन असेल तर त्या कंपनीच्या मंजुरीनंतर तो इंटरनेटद्वारे उघडतो. काही फोनना कोड द्यावा लागतो आणि चुकीचा कोड ठरावीक वेळांहून अधिक टाकला, तर ते कायमचे अडकू शकतात. हे सगळे भारतात येण्यापूर्वीच उरकणे सोयीचे.

बाजारात ‘कोणताही फोन अनलॉक करून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. तिथे सावध राहावे. अनलॉक करण्याच्या नावाखाली फोनची ओळख पटवणारा आयएमईआय क्रमांक बदलला, तर तो भारतात गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

अनलॉक्ड म्हणजे सर्व काही सुरळीत नव्हे

कुलूप उघडले तरी काही अडचणी उरतात. फोनला इथल्या लहरी पकडता आल्या पाहिजेत. जिओची ४जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते. यातला पट्टा फोनमध्ये नसेल तर रेंज कमी मिळते. शिवाय जिओकडे २जी-३जी नसल्याने फोनमध्ये व्होल्टीची, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची, सोय नसेल तर साधा कॉलही लागत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मध्ये सिमची खाचच नाही, त्यामुळे ई-सिम घ्यावे लागते. आधीच्या मालकाचे ॲपल खाते फोनवरून काढलेले नसेल, तर अनलॉक्ड आयफोनही नव्या मालकाच्या उपयोगाचा राहत नाही.

घेण्यापूर्वी

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’ उघडल्यास ‘कॅरियर लॉक’ ही ओळ दिसते. तिथे सिमवर निर्बंध नाहीत असे लिहिलेले असेल तर फोन अनलॉक्ड आहे. कोणत्याही फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की आयएमईआय क्रमांक कळतो. तो भारतात चोरीचा म्हणून रोखलेला आहे का, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तपासता येते.

एकाच कंपनीकडे राहायचे असेल आणि सवलत खरोखर मोठी असेल, तर लॉक्ड फोन घेण्यात तोटा नाही. प्रवास करणाऱ्याने, कंपनी बदलणाऱ्याने आणि पुढे फोन विकू इच्छिणाऱ्याने अनलॉक्डच घ्यावा. जुना फोन घेताना आपले सिम विक्रेत्यासमोरच घालून एक कॉल करून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.