खांब कोणाचा? जॉर्ज विटेट आणि नाशिकचा वाडा

केळापुरात बसून मुंबईच्या एका स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाबद्दल कशाला बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या एका गावी आम्ही गेलो होतो. तिथं एक जुना वाडा उतरवणं चाललं होतं. सागवानाचे कोरीव खांब ट्रकमध्ये भरत होते. मालकांना विचारलं, कुठं चालले? ते म्हणाले, "लाकडाच्या भावानं दिले, सर. पोरीचं लग्न आहे." यात त्यांची चूक काय म्हणणार? पण प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. खांब घरातून निघाला की तो खांब राहतो, की नुसतं लाकूड होतो?

अॅरिस्टॉटलनं म्हटलं आहे की शरीरापासून तुटलेला हात हा नावापुरताच हात असतो. कारण हाताचं काम तो करू शकत नाही. खांबालाही हे लावून पाहा.

आता विटेटकडे येऊ. जॉर्ज विटेट यांचा जन्म 1878 चा, स्कॉटलंडमधला. त्यांचं शिक्षण झालं तो काळ इंग्लंडात आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स चळवळीचा होता. या चळवळीचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्रानं वस्तू स्वस्त केल्या, पण कारागिराला यंत्राचा भाग करून टाकलं. रस्किन यांनी 1853 मध्येच लिहिलं होतं की इमारतीत कारागिराच्या मनाचं स्वातंत्र्य दिसलं पाहिजे, मग काम थोडं ओबडधोबड झालं तरी चालेल. विल्यम मॉरिस यांनी हे प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न केला. स्थानिक दगड, स्थानिक लाकूड, स्थानिक हात, ही त्यांची त्रिसूत्री म्हणा.

विटेट यांना कोणी या चळवळीचे कार्यकर्ते म्हणणार नाही. पण त्या हवेत वाढलेला माणूस इथं येऊन काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. 1904 मध्ये ते मुंबईत आले आणि जॉन बेग यांचे सहायक झाले. पुढे मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशिल्पज्ञ झाले. म्युझियमच्या इमारतीसाठी 1909 मध्ये स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली. आज आपण जिला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, तीच ही इमारत. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा, दगड कुर्ला-मालाडकडचा. इमारत 1914 ला उभी राहिली, पण महायुद्धात तिथं लष्करी रुग्णालय होतं. लोकांसाठी ती 1922 मध्ये उघडली. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. पायाभरणी 1913 ची, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चं. त्याचा दगडही जवळपासचाच. जाळ्या तेवढ्या ग्वाल्हेरहून आणल्या.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. म्युझियमच्या आत तुम्ही गेलात तर वर बघा. नाशिकच्या एका जुन्या वाड्याचे लाकडी खांब आणि कठडे विटेट यांनी तिथं बसवून घेतले आहेत. काचेच्या पेटीत नाहीत, बरं का! इमारतीचाच भाग म्हणून आहेत. म्हणजे तुटलेल्या हाताला पुन्हा काम मिळालं.

तर मग प्रश्न सुटला का? आम्हाला वाटतं, अर्धाच सुटला. लाकूड वाचलं, पण वाडा गेला. आणि इमारतीचे जनक म्हणून विटेट यांचं नाव घेतलं जातं. तो खांब कोरणाऱ्या सुताराचं नाव आपण घेतो का? कारागिराचा मान वाढवायला निघालेल्या चळवळीचीही हीच अडचण होती. मॉरिस यांच्या हातकामाच्या वस्तू इतक्या महाग पडत की त्या श्रीमंतांच्याच घरी गेल्या. याची खंत खुद्द त्यांनाही होती.

याच विचाराची दुसरी वाट आपल्या शेजारून जाते. विटेट मुंबईत उतरले त्याच 1904 साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आगगाडीत रस्किन यांचं 'अनटू धिस लास्ट' वाचलं. पुढे 1936 मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथल्या कुट्या माती, बांबू, कवेलू अशा आसपासच्या सामानाच्या आणि गावातल्या हातांच्या. मूळ गुरू एकच. एकानं कारागिरी भव्य इमारतीत नेऊन बसवली, दुसऱ्यानं ती साध्या माणसाच्या राहणीत ठेवली. आमचा कल दुसरीकडे आहे, हे लपवत नाही. पण पहिल्यानं नाशिकचे खांब राखले, हेही विसरू नये.

विटेट 1926 मध्ये मुंबईतच वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. वय पन्नाशीच्याही आतलं.

आता आपलं काय? वाडा उतरवू नका, असं सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. गरज असते, माणसं उतरवतात. पण उतरवण्याआधी एक दिवस थांबा. तुळया, खांब, ढेलज यांचे फोटो घ्या, मापं लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे काम कोणत्या सुतारानं केलं होतं? नाव मिळालं तर वहीत उतरवून ठेवा. नाशिकच्या वाड्याच्या बाबतीत जे निसटलं, ते आपल्या गावात तरी निसटू नये.

प्रश्न असतील तर विचारा.