निमूट खात्यातले राजीनामे

तरुण कामगार नोकरी सोडून गेला की, ‘आजकालच्या पोरांना चिकाटी नाही’ असा निवाडा आपण चटकन देतो. आम्हां कामगार-चळवळीतल्या माणसांना हा निवाडा घाईचा वाटतो. पगार, घरापासूनचे अंतर, बढतीची आशा ही कारणे असतातच. पण ज्याच्या हाताखाली आठ तास काढायचे त्याच्या वागणुकीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

हिटलरच्या अमलामुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट ह्यांनी आयोवा विद्यापीठात एक प्रयोग केला. तो १९३९ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे काढून त्यांना हस्तव्यवसाय दिला. एके ठिकाणी पुढारी हुकूम सोडी, दुसरीकडे मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी, तिसरीकडे नुसता बसून राही. हुकमी पुढारी असता काम पुष्कळ होई. पण तो खोलीबाहेर पडला की ते ढिले पडे. विचारविनिमयाच्या मंडळात ते चालूच राही. तिसऱ्या मंडळात कामाचा मेळच बसेना. ह्या काळात चार मुले मंडळ सोडून गेली. चौघेही हुकमी अमलात गेले, आणि तेही जेथे उघड बंड झाले नव्हते तेथून! तेव्हा खात्यात शांतता आहे म्हणजे समाधान आहे, असे धरून चालू नये.

मुलांचे खेळ वेगळे आणि कारखाना वेगळा, असे कोणी म्हणेल. तर कारखान्याचाही दाखला आहे. अमेरिकेतील एका मोटार-ट्रकच्या कारखान्यातील ५७ फोरमनांविषयीचा अभ्यास फ्लाइशमन व हॅरिस ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. ज्या फोरमनांना माणसांची कदर कमी, त्यांच्याकडे तक्रारीही अधिक आणि नोकरी सोडणारेही अधिक. उलट कदर करणारा फोरमन कामात कडक राहिला, तरी त्याची माणसे फारशी हलत नसत. शिवाय कदर एका मर्यादेपुढे वाढवून आणखी फरक पडला नाही. म्हणजे लाड करण्याची गरज नाही. माणूस म्हणून वागवले की पुरते.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत नोकरी देणे-घालवणे जॉबरच्या हाती असे व त्यासाठी तो पैसे घेई, ही नोंद १९३१ च्या शाही मजूर कमिशनच्या अहवालात आहे. तो जॉबर गेला, बहुतेक गिरण्याही गेल्या. पण कंत्राटावर किंवा उमेदवारीवर असलेल्या पोराने साहेबाविरुद्ध अर्ज करायचा, तर नोकरी कायम होण्याची आशाच पणाला लावावी लागते. मग तो गप्प राहतो आणि एक दिवस राजीनामा ठेवतो. त्या राजीनाम्यावर ‘घरगुती कारण’ लिहिलेले असते.

म्हणून कारखानदारांना व कचेरीच्या अधिकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : गेलेल्या पोराची चिकाटी तपासण्याआधी, त्याच साहेबाच्या हाताखालून वर्षभरात किती जण गेले आणि शेजारच्या खात्यातून किती गेले, हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘सोडलीस का?’ असे दरडावण्याऐवजी ‘तिथे तुझ्याशी कसे वागत होते?’ असे विचारावे.