पद्मिनीचं डोकं

नांदूरघाटच्या उन्हात माझी पद्मिनी मोटार तापली. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ! हेड गॅस्केट गेलं होतं. 1089 सीसीच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड मात्र अॅल्युमिनियमचं. फार तापलं की वाकतं. हेडवर पोलादी पट्टी तिरपी ठेवली, फीलर गेजचं पातं खालून सुळकन गेलं.

भंगारातल्या दुसऱ्या हेडला चीर होती. मग आपलंच फेसिंगला दिलं, ‘लागेल तेवढंच घासा’ असं बजावून. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, चढावर इंजिन टकटकतं. शिसेयुक्त पेट्रोल भारतात 2000 साली बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं. म्हणून हेड उघडलंच होतं तर कडक धातूच्या सीटही बसवल्या. आता मांजरसुंब्याचा घाट चढतानाही तापमानाचा काटा निम्म्यावरच.